क्रॉप कव्हर आणि वसंतातला उशिराचा गारठा: १७, ३० की ५० जीएसएम?

क्रॉप कव्हर म्हणून मिळणारं पांढरं नॉनवोव्हन कापड मुळात भाजीपाल्यासाठी बनतं. पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले, विणकाम नाही, हवा आणि पाणी आरपार. इथे ते तपासलंय वेगळ्या कामासाठी: बीच, ओक, ॲश, अक्रोड, मेपल अशा पानगळीच्या जंगली झाडांची रोपं नुकती पालवलेली असताना पारा शून्याखाली जातो त्या रात्रीसाठी.

निकाल आधीच सांगून टाकू. कमानींवर ताणलेलं आणि कडा मातीत दाबलेलं ३० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाचं) कापड रोपवाटिकेच्या वाफ्यावर चोख काम करतं. साधारण दोन मीटरपर्यंतच्या एकट्या रोपालाही ते उपयोगी पडतं, पण मांडणी नीट हवी. त्यावरच्या उंचीच्या झाडासाठी हे कापड घेऊच नये. तिथे ते नीट बसत नाही, आणि मोठ्या झाडाकडे सावरण्याची स्वतःची सोय असते, तिच्याबद्दल पुढे येतंच.

आधी झाडाचं नेमकं काय होतं ते पाहू, कारण कापडाचा वापर चुकतो तो इथेच. ऐन हिवाळ्यात मिटलेला डोळा, म्हणजे फांदीवरची पानाची कळी, उणे २० अंशांच्या खालचं तापमानही सहज काढतो. तोच डोळा फुगला, खवले उघडले आणि पान उलगडलं की ही सहनशक्ती काही दिवसांत ओसरते. बीचचं कोवळं पान उणे ३ ते उणे ५ अंशांच्या दरम्यान मरतं. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आकसतात, त्यांची पटलं फाटतात. सकाळी ऊन लागून पान वितळलं की ते भिजवल्यासारखं काळपट हिरवं आणि लुळं दिसतं. दोन-तीन दिवसांत बीचचं पान तपकिरी होऊन चुरगळतं, ॲश आणि अक्रोडाचं उकडल्यासारखं काळं पडतं. पानावर स्यूडोमोनास सिरिंजीसारखे जिवाणू असतील तर बर्फाला धरायला आधार मिळतो आणि उणे २ अंशांच्या आसपासच गोठणं सुरू होऊ शकतं. नाहीतर तेच पाणी आणखी काही अंश न गोठता टिकतं. एकाच वाफ्यातली दोन शेजारची रोपं, एक करपलेलं आणि एक टवटवीत, अशी कोडी त्यामुळेच पडतात.

सगळ्या जाती सारख्याच नाजूक नसतात. बर्च, हॉर्नबीम, रानचेरी ही लवकर पालवणारी मंडळी गारठा गृहीत धरूनच बाहेर पडतात. त्यांचं कोवळं पानही बरंच सोसतं. बीच, ओक, ॲश, अक्रोड उशिरा पालवतात. त्यांची सगळी भिस्त वेळ टाळण्यावर असते, पान मात्र नाजूकच. म्हणजे कापड मोजकंच असेल तर ते या चौघांसाठी ठेवावं. बर्चवर कापड घालणं म्हणजे रेनकोट घातलेल्याच्या डोक्यावर छत्री धरणं.

आता कापड करतं काय? ते ऊब तयार करत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आकाशाकडे उष्णता सोडत राहतात, चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॉट. ही गळती थोडी अडवायची आणि दिवसभर तापलेल्या मातीतून वर येणारी ऊब रोपाभोवती कोंडून धरायची, एवढंच कापडाचं काम. तंतूंवर दंव धरलं की ते आणखी चांगलं अडवतं, कारण कोऱ्या पॉलिप्रोपिलीनपेक्षा पाण्याचा पातळ थर ही उष्णता जास्त रोखतो. थोडक्यात, हीटर म्हणजे माती आणि कापड म्हणजे झाकण. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

वजनांबद्दल. १७ जीएसएम हातात घेतलं तर पलीकडची बोटं दिसतात. प्रकाश ८५ ते ९० टक्के जातो, आणि शांत रात्री फरक मिळतो जेमतेम एक ते दीड अंश. ३० जीएसएममधून सुमारे ७० टक्के प्रकाश जातो आणि दोन-अडीच अंश मिळतात. ५० जीएसएममध्ये तीन, फार तर चार. पण प्रकाश निम्म्यावर येतो. पाकिटावर याहून मोठे आकडे छापलेले असतात. ते अगदी खोटे नसतात, पण ओली माती, बंद कडा आणि शून्य वारा हे तिन्ही जुळून आले तरचे असतात. बीचची मर्यादा उणे ३ आणि रात्रीचा नीचांक उणे ४ असेल तर १७ काठावर पास होतं, ३० निर्धास्त. पारा उणे ७ वर जाणार असेल तर ५० सुद्धा अपुरं. मग ३०चे दोन थर घ्यावेत, पण एकमेकांना चिकटलेले नाहीत. मध्ये पाच-सात सेंटीमीटर हवा राहिली पाहिजे. चिकटलेले दोन थर म्हणजे जाड असा एकच थर.

मांडणीत सगळ्यात जास्त फसगत होते ती पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. १ मीटर रुंद वाफ्यावर ५० सेंटीमीटर उंचीची अर्धगोल कमान घेतली तर तिच्यावरून जायला १.५७ मीटर कापड लागतं. दोन्ही बाजूंना दाबायला ३०-३० सेंटीमीटर धरा: २.१७, म्हणजे २.२ मीटर. सहज मिळणारा १.६ मीटरचा पन्हा कमानीवर बसतो, पण दाबायला हातात काहीच उरत नाही. मग कडा अधांतरी राहतात, खालून थंड हवा शिरते आणि कापडाला बोल लागतो. पन्हा वाफ्याच्या नव्हे, कमानीच्या हिशेबाने घ्यायचा. कमानी एक ते सव्वा मीटर अंतरावर. त्याहून लांब ठेवल्या तर दंवाच्या वजनाने कापड मध्ये झोळीसारखं खाली येतं आणि शेंड्यांना टेकतं. टेकलेल्या जागी पान ओल्या, गोठलेल्या कापडाला थेट चिकटतं आणि नेमकं तेवढंच करपतं. सकाळी शेंड्यांवर नाण्याएवढे तपकिरी डाग दिसले, बाकी रोप हिरवं असलं, तर दोष वजनाचा नाही, झोळीचा आहे.

एकट्या रोपासाठी चार खुंट, शेंड्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर उंच, आणि त्यांच्यावरून तंबूसारखं सोडलेलं कापड. घेर खाली जमिनीपर्यंत आणि जमेल तेवढा मोठा, कारण घेराच्या आत जेवढी माती तेवढा हीटर. कडांवर सलग माती किंवा मीटर-मीटरवर दगड. खुंटांच्या टोकांना जुन्या कापडाची चिंधी किंवा कापलेली बाटली अडकवली नाही, तर वाऱ्याची पहिली झुळूक टोकाशी भोक पाडते.

रोपाच्या माथ्याला पिशवीसारखं कापड घालून खोडाशी सुतळीने आवळणं ही या कापडाची सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात वाया जाणारी पद्धत. लाकडी काठीवरच्या लॉलीपॉपसारखं ते दिसतं. मातीची ऊब खालच्या खाली निघून जाते, आतली पानं आपली तुटपुंजी उष्णता तासाभरात गमावतात, आणि बहुतेक पानं कापडाला चिकटलेली असतात ती वेगळीच. ५० जीएसएम आवळून बांधलेलं रोप आणि उघडं रोप यांच्यात सकाळी फार फरक नसतो. ज्या नाराज अभिप्रायांत ‘कापड घातलं तरी झाड गेलं’ असं वाचायला मिळतं, त्यांच्या फोटोत खोडाशी गाठ आहे का ते आधी पाहावं.

घालायची वेळ सूर्यास्तापूर्वी तासभर, माती अजून उबदार असताना. रात्री दहाला आठवण होऊन घातलं तर कोंडायला फारसं काही उरलेलं नसतं. आदल्या दिवशी, निदान सकाळी, वाफ्याला पाणी द्यावं: ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि खालून वर लवकर पोचवते. वरचे ३० सेंटीमीटर ओले झाले की पुरे. कापडाखाली पेंढ्याचं किंवा पाल्याचं आच्छादन असेल तर त्या रात्रीपुरतं बाजूला सारावं. आच्छादन मातीला उबदार ठेवतं खरं, पण ती ऊब मातीतच अडकते, वरच्या पानाला मिळत नाही. दाट गवताचंही तेच. उघड्या, ओल्या, दाबलेल्या मातीवर कापड सगळ्यात चांगलं चालतं. भुसभुशीत, नुकत्या खणलेल्या मातीवर कमी.

सकाळी बाहेरचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर आलं की कापड काढायचं किंवा निदान एक बाजू उघडायची. दिवसभर बंद ठेवलं तर आत उकाडा होतो, फुटवे लांब आणि लुसलुशीत वाढतात आणि पुढच्या रात्री तेच आधी मरतात. त्याहून वाईट म्हणजे, अजून न फुटलेल्या रोपांवर ‘असू दे’ म्हणून आठवडाभर कापड राहिलं तर डोळे वेळेआधी फुटतात. ज्या धोक्यापासून वाचवायचं, त्याच्याच तोंडी रोप दिलं असं होतं.

कापडासोबत किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर हवाच. तो शेंड्याच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली टांगावा, भिंतीला नाही. हवामान अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटरवरच्या, सावलीतल्या पेटीतलं असतं. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कितीतरी अंश थंड असते आणि पान आजूबाजूच्या हवेहूनही एक ते तीन अंश थंड. म्हणून अंदाज ३ अंशांचा असला, आकाश मोकळं असलं आणि वारा पडलेला असला तर कापड घालावं. दवबिंदूचं तापमानही, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊ लागते तेही, पाहावं. ते शून्याच्या वर असेल तर दंव पडताना उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. ते उणे ६-७ असेल, म्हणजे हवा कोरडी असेल, तर पारा सरळ खाली जातो. पांढरं काही दिसतच नाही आणि नुकसान जास्त होतं. सकाळी गवत पांढरं नाही म्हणून निश्चिंत झालेल्यांना दुपारी काळी पानं दिसतात ती अशा रात्रीनंतर.

कापडाची हद्द कुठे संपते? वाऱ्यापाशी. थंड हवेचा लोटच वाहत आला तर जमिनीजवळ थंड आणि वर उबदार असा थर नसतोच, आणि मातीची ऊब कापडाखालून वारा उडवून नेतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात मार्च उबदार गेला, झाडं लवकर पालवली आणि ४ ते १० एप्रिलदरम्यान थंड हवा उतरली. अशा सलग रात्रींपुढे ३० जीएसएम काय आणि ५० काय. २०१० च्या मेमध्ये ईशान्य अमेरिकेत पुन्हा तसंच झालं: वसंत लवकर आला होता, साखर-मेपलची पानं बाहेर होती, ती मार खाऊन बसली, ज्या जातींचे डोळे अजून मिटलेले होते त्या निभावल्या. नुसता गारठा झाड मारत नाही. आधीची ऊब आणि नंतरचा गारठा यांची जोडी मारते.

पर्यायांची तुलनाही करून टाकू. साधा पारदर्शक प्लॅस्टिक कागद घेऊ नये: पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता बऱ्याच अंशी आरपार जाते, आत कधी कधी बाहेरपेक्षा जास्त थंडी होते, आणि सकाळी ऊन येताच रोप शिजतं. रोपांभोवती लावायच्या प्लॅस्टिक नळ्या हरणं-सशांसाठी उत्तम, गारठ्यासाठी नाहीत. उलट आतलं रोप लवकर पालवतं. धूर करण्याची खटपट तर सोडूनच द्यावी, कारण धुराचे कण ही उष्णता फारशी अडवत नाहीत, डोळे तेवढे चुरचुरतात. तुषार सिंचन मात्र कापडापेक्षा सरस ठरू शकतं. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं आणि बर्फाच्या आतलं पान शून्याच्या आसपास टिकतं. पण पाणी अखंड हवं, ताशी निदान दोन-तीन मिलिमीटर, बर्फ वितळेपर्यंत. पहाटे चारला पंप बंद पडला तर ओल्या पानावरून बाष्पीभवन सुरू होतं, आणि ते गोठण्यातून मिळणाऱ्या उष्णतेच्या साडेसातपट उष्णता ओढून घेतं. उघडं ठेवलं असतं तर बरं, अशी वेळ येते. शिवाय बर्फाच्या वजनाने कोवळे शेंडे मोडतात. विजेची खात्री नसेल तिथे कापडच बरं.

मालाच्या दोषांकडे येऊ. ३० जीएसएमची खरी कमजोरी कडा. कापलेली कड फाटत जाते, म्हणून ती दुमडून घ्यावी किंवा कड जाड केलेला माल निवडावा. यूव्ही-स्थिर (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं) असं लिहिलेलं नसेल तर एका हंगामानंतर तंतू ठिसूळ होऊन कापडाचा भुसा होतो आणि तो मातीत मिसळतो, वेचता येत नाही. यूव्ही-स्थिर कापड जपून वापरलं तर दोन-तीन हंगाम जातं. जपून म्हणजे कोरडं करून गुंडाळलेलं; ओलं घडी घातलं की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि उंदीर घर करतात. गोठलेलं असताना ओढून काढू नये. तंतू पानाला धरून बसलेले असतात, पान फाटतं आणि कापडही. वितळायची वाट पाहावी, अर्धा तास फार तर.

आणि समजा कापड घातलंच नाही, किंवा घालूनही गेलं, तर? इथेच बहुतेक जण घाईने कात्री काढतात. थांबावं. निरभ्र रात्रीच्या गारठ्यात मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या तपकिरी आणि वरचा माथा हिरवा, अशी सरळ रेषा अनेकदा दिसते. वर जगलेली पानं झाडाला पोसत असतात. पूर्ण करपलेलं झाडही संपलेलं नसतं. सुप्त डोळे, मुख्य डोळ्याशेजारचे राखीव डोळे यांतून दुसरी पालवी फुटते आणि तिचा खर्च खोड-मुळांतल्या साठवलेल्या स्टार्चमधून निघतो. ओकला मुळातच हंगामात दोनदा फुटायची सवय, तो तीन-चार आठवड्यांत हिरवा होतो. बीच रेंगाळतो: महिना-दीड महिना, कधी दोन महिने, आणि नवी पानं लहान, विरळ. त्या वर्षीचं वार्षिक वलय अरुंद येतं, बीचमध्ये तर फारच. पुढच्या वर्षी वाढ बहुधा पूर्ववत होते. धोका असतो तो लागोपाठच्या वर्षी पुन्हा गारठा, किंवा त्याच उन्हाळ्यात दुष्काळ अगर पानं खाणाऱ्या अळ्या आल्या तर. साठा एकदाच खर्च करता येतो.

म्हणून गारठ्यानंतरचं काम पाण्याचं, खताचं नाही. कोरडं पडू देऊ नये. नत्राचा भरघोस डोस दिला तर वाढ शरद ऋतूपर्यंत लांबते, लाकूड पक्कं होत नाही आणि त्या वर्षीचा पहिला गारठा तीच कोवळी टोकं पकडतो. फांदी जिवंत आहे का हे नखाने साल खरवडून पाहावं: खाली ओलसर हिरवं म्हणजे जिवंत, कोरडं तपकिरी म्हणजे गेलं. दुसरी पालवी पूर्ण उलगडल्यावरच मेलेलं काढावं, जिवंत डोळ्याच्या जरा वर.

आणि पानांना शिरांच्या मधोमध ओळीने भोकं किंवा चिरा दिसल्या तर फवारणी करू नये. डोळ्यात पान घडीत असताना घडीच्या कडांना गारठा लागला, की पान उलगडताना तेवढा भाग फाटतो. हॉर्नबीम आणि हॉर्स चेस्टनटवर हे हमखास किड्याचं काम म्हणून खपतं.

ॲशच्या रोपांकडे उन्हाळ्याच्या मध्याला पुन्हा एकदा जावं लागतं. शेंड्याचा डोळा मेला की त्याखालचे समोरासमोरचे दोन डोळे एकदम उठतात आणि खोडाला दोन शेंडे फुटतात. दोन्ही फुटवे १०-१५ सेंटीमीटरचे असताना सरळ आणि जोमदार तो ठेवून दुसरा बुडातून काढला तर पुढे खूणही राहत नाही. तसंच राहिलं तर सांध्यात साल अडकते आणि वर्षांनी, झाड मोठं झाल्यावर, वादळात तिथेच फाटतं.

याच फेरीत, वाफ्यात सगळ्यांच्या मागून, आठ-दहा दिवस उशिरा पालवलेल्या आणि म्हणून न करपलेल्या रोपांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. उशिरा फुटण्याचा गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. थंड हवा साचते त्या सखल जागेत लावायची रोपं यांतून निवडावीत. कापडाचा रोल उतारावरच्या बाकीच्यांसाठी.